बंगळूरच्या खिडकीवरचं एकत्र कुटुंब

बंगळूरला निघालेल्या बाईच्या हातात शेजारणी यादी ठेवतातच. म्हैसूर सिल्कची साडी, चंदनाचा साबण, कॉफीची पूड, जमलंच तर अगरबत्तीचे दोन पुडे. हल्ली कितीतरी घरांतली मुलं-सुना तिकडे नोकरीला असतात, त्यामुळे बंगळूर आपल्याला पुण्या-नाशिकाइतकंच जवळचं झालं आहे. लालबाग बघून होते, कब्बन पार्क होतो, विधानसौधासमोर उभं राहून फोटो काढून होतो. आणि मग प्रश्न पडतो, की उरलेले दिवस काय करायचं? मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि आपण चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी!

मैत्रिणींनो, अशा वेळी आठवण व्हावी म्हणून एका वेगळ्याच जागेची ओळख करून देते. तिथं देऊळ नाही, धबधबा नाही, साड्यांचं दुकान तर नाहीच नाही. तिथली प्रसिद्ध मंडळी म्हणजे गांधीलमाश्या! हो, त्याच. तुमच्या-आमच्या गॅलरीच्या छताला पोळं करणाऱ्या, ज्यांना पाहिलं की आपण ‘अगं बाई!’ म्हणून केरसुणी शोधतो, त्याच. या माश्यांच्या घरातली भांडणं, वाटणी आणि वारसाहक्क यांवर तिथं चाळीसहून अधिक वर्षं अभ्यास झाला आहे, आणि त्याची वाखाणणी साऱ्या जगात झाली आहे.

दारात अडवलेली मुलगी

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर ‘सँडल सोप फॅक्टरी’ नावाचं स्टेशन आहे. (साबणाची आठवण इथंच होऊ द्या.) तिथं उतरून रिक्षा केली, की थोड्याच वेळात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येते. जुन्या बंगळूरकरांना मात्र ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हटलं तरच चटकन कळतं. जमशेटजी टाटांनी कल्पना मांडली, पैसा ठेवला. म्हैसूर संस्थानानं ३७१ एकर जागा दिली आणि १९०९ साली संस्था उभी राहिली. जमशेटजी ती बघायला राहिले नव्हते. ते १९०४ मध्येच गेले. मुख्य इमारतीपुढे त्यांचा पुतळा आहे. मागे ती करड्या दगडाची भारदस्त इमारत, आजूबाजूला झाडांच्या रांगा. शहराचा गोंगाट फाटकाशी संपतो म्हणा ना.

एक लक्षात ठेवा. ही काही सहलीची बाग नव्हे, त्यामुळे रोज कुणालाही आत सोडत नाहीत. वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ‘ओपन डे’ असतो. त्या दिवशी प्रयोगशाळांची दारं सगळ्यांना उघडी असतात. तेवढी तारीख विचारून ठेवावी आणि नातवंडांना बरोबर न्यावं.

या फाटकाशी आपलं मराठी बायकांचं एक नातंही आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत नावाची मुलगी इथं प्रवेश मागायला आली. आपल्या दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळालेला एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण मुलगी म्हणून त्यांनी तिला प्रवेश नाकारला. कमलाबाई गप्प बसून परत फिरल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मग कायम करू, अशा अटीवर त्यांना घेतलं गेलं. वर्षभरात रामन यांची खात्री पटली आणि पुढच्या मुलींना वाट मोकळी झाली. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. पुढे कमला सोहोनी या नावानं त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखही झाल्या. त्या झाडांखालून चालताना त्यांची आठवण ठेवावी.

खिडकीवरची शाळा

आता माश्यांकडे वळू या. या गोष्टीतले शास्त्रज्ञ म्हणजे राघवेंद्र गदगकर. त्यांचा जन्म १९५३ चा. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत असताना त्यांना कॉलेजच्या खिडक्यांवर गांधीलमाश्यांची पोळी दिसली. त्याच सुमारास कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं प्राण्यांच्या वागण्यावरचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. पुढे १९७९ साली टाटा इन्स्टिट्यूटमधून त्यांनी डॉक्टरेट घेतली ती मात्र रेणुजीवशास्त्रात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर. माश्यांचं वेड आपलं फावल्या वेळचं. पण छंदानं नोकरीवर मात केली! पुण्याहून तिथं गेलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या पुढाकारानं १९८३ साली संस्थेत परिसरविज्ञानाचं केंद्र सुरू झालं, आणि गदगकरांच्या माश्यांनाही हक्काचं घर मिळालं.

हे घर अक्षरशः बांधलं होतं. सुमारे नऊ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशी जाळीची मोठी खोली. जाळीची भोकं अशा मापाची, की गांधीलमाश्यांना हवं तेव्हा बाहेर जाता यावं, परत येता यावं. पण त्यांच्या पिलांवर धाड घालणारी मोठी शत्रुमाशी आत शिरू नये. खिडकीला बारीक जाळी बसवून डास अडवणाऱ्या आपल्याला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

माशीचं शास्त्रीय नाव रोपॅलिडिया मार्जिनाटा. नाव अवघड, पण बाई ओळखीची. तपकिरी अंग, पोटावर पिवळी कड. लाकडाचे, वाळक्या काड्यांचे तंतू चावून ती लगदा करते आणि त्याचं कागदासारखं पोळं बांधते. खोल्या षट्कोनी, तोंडं उघडी. एका पोळ्यात दहा-वीस माश्या असतात, कधी शंभरापर्यंतही. अळ्या आणि कोळी मारून, चावून, गोळ्या करून आपल्या पिलांना भरवायच्या, हा रोजचा स्वयंपाक.

या घरात राणी एकच. अंडी तिनंच घालायची. पण मौज अशी, की राणी आणि कामकरी माश्या दिसायला अगदी सारख्या. मधमाश्यांच्या राणीसारखी ही आकारानं वेगळी नसते. मग ओळखायची कशी? गदगकर आणि त्यांचे विद्यार्थी प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देत. हिला पिवळा-निळा, तिला तांबडा-पांढरा. ठिपके दिले की झालं, गर्दीतली प्रत्येक जण वेगळी झाली. मग समोर बसायचं आणि कोण काय करतं ते तासन्‌तास वहीत लिहायचं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गदगकर आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी यांनी या नोंदी मांडल्या, तेव्हा घरातल्या बायकांचे तीन गट पडले. पहिला बैठ्यांचा; बराचसा वेळ एका जागी. दुसरा भांडखोरांचा, जिला-तिला ढुशा, चावे. तिसरा बाजारहाट करणाऱ्यांचा. दिवसभर बाहेर, घरी आणायचं ते यांनीच. आता सांगा, राणी कुठल्या गटात असेल? आपण पटकन म्हणू, भांडखोरांत. घरावर सत्ता चालवायची म्हणजे दरारा नको का? पण नाही! राणी निघाली बैठ्यांत. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आणि तरीही तिच्या घरात दुसरी कुणी अंडं घालायला धजत नाही.

बरं, सगळीकडे असंच असतं म्हणावं तर तेही नाही. हिचीच एक जवळची भावकी आहे, रोपॅलिडिया सायॅथिफॉर्मिस. तिच्याकडची राणी भांडखोरांत मोडते. आडनाव एक आणि दोन घरच्या दोन तऱ्हा!

मग गरीब स्वभावाच्या राणीचं चालतं तरी कसं? ती पोळ्यावर फिरताना पोटाचं टोक घासत जाते आणि एका ग्रंथीतलं गंधद्रव्य पोळ्याला लागतं. त्या वासावरूनच घरादाराला कळतं, राणी आहे, सगळं ठीक आहे.

वारस कोण?

राणीला पोळ्यावरून काढलं तर काय होतं? काही मिनिटांतच एक माशी चवताळून उठते. कालपर्यंत ती चारचौघींसारखीच होती. आज मात्र ती सगळ्यांच्या अंगावर धावून जाते. राणीला परत आणून सोडलं, की ही मुकाट्यानं कामाला लागते. राणी परत आलीच नाही, तर हळूहळू हिचा राग उतरतो, आठवडाभरात ती शांत होते आणि अंडी घालू लागते. नवी राणीही मग जुनीसारखीच गरीब.

पण ही ‘एक’ ठरते कशी? राणी असताना वारस ओळखता येईल का, हे शोधायला खूप जणांनी नोंदी चाळल्या. वयानं मोठी? अंगानं धिप्पाड? भांडणात पुढे? कशावरूनच नेमकं सांगता येईना. तेव्हा गदगकरांची विद्यार्थिनी अनिंदिता भद्रा हिनं एक सुरेख प्रयोग केला. पोळ्याचे दोन भाग केले, मध्ये तारेची जाळी लावली, माश्या दोन्हीकडे वाटल्या. राणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला अर्थातच एक जण चवताळली. आता राणीची आणि हिची अदलाबदल केली. ही खरी वारस असेल तर पलीकडच्या माश्याही हिला मानतील. नसेल, तर तिकडे दुसरीच कुणी उठेल. असे आठ प्रयोग झाले. तीनदा पहिलीला दोन्ही बाजूंनी मान्य केलं. पाचदा दुसरी उठली, आणि तिला मात्र दोन्हीकडच्यांनी स्वीकारलं. तिसरीची पाळी एकदाही आली नाही. वारस ठरलेलीला कुणी साधी ढुशीही दिली नाही. म्हणजे पुढची राणी कोण, हे माश्यांना आधीपासून माहीत असतं. बघणाऱ्या आपल्याला तेवढं कळत नाही! २००८ साली हा निबंध छापून आला.

आता घरातल्या पुरुषांचं सांगायचं राहिलं. तुम्ही वाटच बघत असाल. या माश्यांत नर काम करत नाहीत. जन्मल्यावर आठवडाभर घरी राहतात, मग निघून जातात आणि भटकत राहतात. पण नर कामं करत नाहीत ती येत नाहीत म्हणून, की तशी वेळच येत नाही म्हणून? रुचिरा सेन या संशोधिकेनं गदगकरांबरोबर हेच तपासलं. पोळ्यावरच्या माद्या काढल्या, पिलं भुकेली ठेवली आणि नरांना हातानं भरपूर अन्न दिलं. काय सांगावं, नर पिलांना भरवू लागले! २००६ सालच्या निबंधाच्या मथळ्यातच म्हटलं आहे, की संधी दिली तर नरही पिलांना भरवू शकतात. हे वाक्य कापून कुणाच्या घरी फ्रिजवर चिकटवायचं असेल तर माझी हरकत नाही.

एक प्रश्न मात्र गंभीर आहे. यांतल्या पुष्कळ माद्या एकट्या राहिल्या तर स्वतःचं पोळं बांधून अंडी घालू शकतात. मग त्या दुसरीच्या घरी राबतात का? गदगकरांनी दाखवलेलं एक उत्तर मोठं हृद्य आहे. अंड्यापासून माशी तयार व्हायला लागतात सुमारे दोन महिने. आणि मोठ्या माशीचं सरासरी आयुष्य? महिनाभर! म्हणजे एकटीनं संसार मांडला, तर तिच्या मागे पिलं अर्ध्यावर पोरकी होणार, सगळे कष्ट वाया. पण भरल्या घरात तिनं पंधरा दिवस केलेलं काम वाया जात नाही. ती गेली तरी तिनं भरवलेल्या पिलाला पुढचा घास दुसरी कुणीतरी देते.

इथं एक सांगते. हे वाचून ‘बघा, माश्यासुद्धा एकत्र राहतात’ असं सुनेला ऐकवायला जाऊ नका. माशी माशीसारखी वागते, माणसानं माणसासारखं वागावं. माश्यांवरून माणसांसाठी कायदे काढायचे नसतात. त्या असं का वागतात, ते मात्र समजून घ्यावं. त्यात आनंदच आहे.

खर्च किती आला?

या प्रयोगांचं सामान पुन्हा एकदा आठवा. रंगाचे ठिपके, तारेची जाळी, वही आणि पेन्सिल. बाकी सगळी चिकाटी. गदगकर हेच वर्षानुवर्षं शिकवत आले. विज्ञान अकादमीच्या ‘रेझोनन्स’ या विद्यार्थी-शिक्षकांसाठीच्या मासिकात त्यांनी प्राण्यांच्या वर्तनावरच्या प्रयोगांची लेखमाला लिहिली. २०२१ साली तिचं पुस्तक झालं. उत्तम दर्जाचं संशोधन किरकोळ खर्चात कसं होतं, हाच त्याचा विषय.

ही वाट तशी जुनी आहे. हॉलंडमध्ये निको टिनबर्गेन या तरुणानं वाळूत बीळ करणाऱ्या एका माशीच्या घराभोवती चीडाच्या फळांचं कडं मांडलं. माशी बाहेर गेल्यावर कडं थोडं पलीकडे सरकवलं. परत आलेली माशी बीळ सोडून कड्याच्या मध्यावर उतरली! म्हणजे ती खुणा लक्षात ठेवून घर शोधते. पुढे १९७३ साली टिनबर्गेन, लोरेंझ आणि मधमाश्यांचा अभ्यास करणारे कार्ल फॉन फ्रिश यांना मिळून नोबेल मिळालं.

आणि अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले चार्ल्स हेन्री टर्नर? कृष्णवर्णीय माणूस, शिकागो विद्यापीठाची १९०७ सालची डॉक्टरेट, तरीही १९०८ पासून शिकवत होते हायस्कुलात. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून शहरातल्या सार्वजनिक बागेत जाऊन त्यांनी रंगीत चकत्यांवर मध ठेवला आणि मधमाश्यांना रंग कळतात का, ते तपासलं. तो निबंध १९१० साली प्रसिद्ध झाला. दिवसा मुलांना शिकवायचं आणि मिळेल त्या वेळात बागेत, रस्त्याकडेला मुंग्या-माश्या बघायच्या. अशा तऱ्हेनं त्यांनी सत्तरच्या वर निबंध लिहिले.

आपल्याकडेही ही शिकवण खिडकीपुरती राहिली नाही. वारस शोधणारी ती अनिंदिता भद्रा पुढे कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत प्राध्यापक झाली, आणि तिनं अभ्यासाला घेतली चक्क रस्त्यावरची कुत्री. तिच्या गटानं ३६४ पिलांवर नजर ठेवली. त्यांतली सात महिन्यांची होईपर्यंत जगली फक्त ६९. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पिलांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारण झालेला होता. गल्लीतल्या कुत्रीची पिलं एकेक करून दिसेनाशी होतात, हे आपल्याला माहीत असतं. पण मोजून ठेवल्यावर ते नुसतं हळहळणं राहत नाही, त्याचा पुरावा होतो.

पुण्याचं उदाहरण तर आपल्या अंगणातलंच. गरवारे कॉलेजात शिकवणारे मिलिंद वाटवे यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर वेड्या राघूचा अभ्यास केला. हा हिरवा चिमुकला पक्षी मातीत बीळ करून राहतो. पिलांसाठी चोचीत किडा आणलेला राघू, माणूस जवळ उभा असला तर बिळात शिरत नाही; शत्रूला घर दाखवायचं नाही म्हणून बाहेरच ताटकळतो. पण माणूस तेवढ्याच अंतरावर, बीळ दिसणार नाही अशा आडोशाला उभा राहिला, तर? तर राघू अधिक बिनधास्तपणे आत जातो. म्हणजे ‘समोरच्याला काय दिसतंय’ याचा अंदाज त्याला असावा! २००२ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. नाव वेडा, पण बेटा किती शहाणा!

आता आपलं घर

मैत्रिणींनो, खरं सांगायचं ते हेच. आपली मुलं विज्ञान शिकतात म्हणजे काय करतात? ‘कीटकाला सहा पाय असतात’ हे पाच वेळा लिहितात. पण खिडकीवर बसलेल्या कीटकाचे पाय मोजत नाहीत. परीक्षेत मार्क मिळतात आणि दहा वर्षांपूर्वी दिवसाला पन्नास वेळा ‘का गं आई?’ विचारणारं पोर एक दिवस विचारायचं थांबतं. मग आपणच म्हणतो, ‘याला विज्ञानाची आवडच नाही.’ शाळा बदलणं आपल्या हातात नसेल, पण खिडकी तर आपली आहे ना?

दिवाळीची साफसफाई आठवा. दाराच्या चौकटीला, कपाटामागे कुंभारीण माशीचं मातीचं घर सापडतं. जुनी माणसं सांगत, ती अळीला कोंडून ठेवते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करते आणि शेवटी तीच कुंभारीण होते. संतांनी दिलेला हा दृष्टांत भक्तीच्या दृष्टीनं अप्रतिम आहे, त्याला कुणी हात लावत नाही. पण झाडताना ते घर फुटलंच, तर मुलाला हाक मारून आत दाखवा. कधी हिरव्या अळ्या सापडतील, कधी कोळी. निपचित पडलेले, पण न कुजलेले. माशीनं डंख मारून त्यांना लुळं केलेलं असतं. तिच्या अंड्यातून निघणाऱ्या पिलाची ती शिदोरी. बाहेर पडते ती अळीची कुंभारीण नव्हे, कुंभारणीचीच लेक. अळ्या निघाल्या की कोळी, यावरून घर कुठल्या जातीच्या माशीचं, याचाही अंदाज बांधता येतो.

याहून सोपं काही हवं? ओट्यावरच्या मुंग्या घ्या. त्यांच्या रांगेवर कागदाची अरुंद पट्टी आडवी ठेवा. थोड्या वेळानं मुंग्या तिच्यावरून बिनदिक्कत जाऊ लागतील. मग ती काढून तशीच कोरी पट्टी ठेवा. बहुतेक मुंग्या काठाशी घुटमळतील. आता मुलाला विचारा, ‘त्या कागदाला घाबरल्या, की वाटेचा वास गेला म्हणून अडल्या?’ उत्तर सांगू नका. त्यानंच म्हणावं, ‘जुनी पट्टी परत ठेवून बघू या.’ ज्या क्षणी तो हे म्हणेल, त्या क्षणी तो शास्त्रज्ञ झाला असं समजा. ‘का?’ असं मुलानं विचारलं, की आपण ‘कसं कळेल बरं?’ असं विचारावं. एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ झालं.

आणि गॅलरीतलं गांधीलमाश्यांचं पोळं? रॉकेल आणि बोळा घेऊन धावण्यापूर्वी थोडं थांबा. वावरण्याच्या वाटेपासून ते दूर असेल, खिडकीची काच मध्ये असेल, तर राहू द्या. तुमच्या कुंडीतल्या वांग्या-मिरचीवरच्या अळ्या त्याच उचलतात. सकाळी आठला, दुपारी एकला आणि दिवेलागणीला पोळ्यावर किती माश्या आहेत ते काचेआडून मोजायला मुलांना सांगा. आठ दिवसांत बाजारहाटाच्या वेळा त्यांच्या ध्यानात येतील.

पण काळजी घ्यायलाच हवी. पोळ्याला हात लावू नये, काठीनं डिवचू नये, त्यावर फुंकर मारू नये, माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहू नये. पोळं पाळण्याजवळ असेल, दाराच्या तोंडाशी असेल किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल, तर जाणत्या माणसाला बोलावून ते काढून घ्यावं. तिथं विज्ञानाचा हट्ट नको. डंख बसलाच तर जागा साबण-पाण्यानं धुवून बर्फ लावावा. मधमाशीसारखा गांधीलमाशीचा काटा सहसा आत राहत नाही, त्यामुळे कोरत बसू नये. मात्र अंगावर गांध्या उठल्या, ओठ-चेहरा सुजला, घशात घरघर झाली किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

तर बंगळूरला जाल तेव्हा सिल्कची साडी जरूर घ्या. साबण आणि कॉफीही. ‘ओपन डे’ साधला तर टाटा इन्स्टिट्यूटही बघून या. नाही साधला तरी बिघडलं नाही. मुलाच्या फ्लॅटच्या खिडकीवर, जिन्याच्या छताशी, लालबागेतल्या एखाद्या बाकाजवळ काही ना काही चाललेलं असतंच. जाताना स्टेशनवर पाच मासिकं घेता, त्यांतलं एक कमी करा आणि शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख, वेळ आणि जे दिसलं तेवढंच लिहा. कसं वाटलं ते नंतर.